तिकीट खिडकीवर काम शिकलेल्या माणसानं रशियात परदेशी पैसा कसा आणला?

१८८८ साल. रशियाचा झार तिसरा अलेक्झांडर याची शाही रेल्वे म्हणजे भलं मोठं धूड. पुढं दोन अवजड इंजिनं आणि वर सुसाट वेग. असंच चाललं तर गाडी रूळ सोडेल, असं एका रेल्वे अधिकाऱ्यानं तोंडावर सांगितलं. दरबारी चिडले. पण ऑक्टोबरमध्ये खार्किवजवळच्या बोर्की इथं गाडी खरंच घसरली. वीसहून जास्त माणसं गेली, झार मात्र वाचला.

तो अधिकारी म्हणजे सर्गेई विट्टे.

१८४९ मध्ये तिफ्लिसला, म्हणजे आजच्या तिबिलिसीत जन्मलेला विट्टे ओडेसाच्या विद्यापीठात गणित शिकला. मग रेल्वेत गेला आणि तिकीट खिडकीपासून सगळी कामं शिकला. बोर्कीच्या अपघातानंतर त्याला राजधानीत बोलावणं आलं आणि १८९२ मध्ये तो अर्थमंत्री झाला.

तेव्हा रशियाकडं कोळसा, लोखंड, तेल सगळं होतं. नव्हतं ते भांडवल. लोक गरीब, त्यामुळं बचत कमी. सैबेरियाची ९ हजार किलोमीटरहून लांब रेल्वे बांधायची तर पैसा कुठून आणायचा?

विट्टेचं उत्तर होतं, बाहेरून.

पण परदेशी माणूस पैसा लावताना आधी एक गोष्ट बघतो. आज लावलेल्या पैशाची उद्या किंमत काय? रशियाचा कागदी रुबल सतत वरखाली व्हायचा. म्हणून १८९७ मध्ये विट्टेनं रुबल सोन्याला बांधला. फ्रेंच आणि बेल्जियन पैसा डोनबासच्या खाणी आणि पोलाद कारखान्यांत येऊ लागला. १८९० च्या दशकात रशियाचं औद्योगिक उत्पादन वर्षाला साधारण ८ टक्क्यांनी वाढलं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

देश परदेशी लोकांना विकला, अशी ओरड सुरू झाली. त्यावर विट्टेनं १८९९ मध्ये झार दुसरा निकोलस याला एक गुप्त टिपण दिलं. त्यातल्या शिफारशी आजही ओळखीच्या वाटतात. आयात कर वारंवार बदलू नका. परदेशी कंपनीला प्रत्येक परवानगीसाठी अधिकाऱ्यांच्या दारात ताटकळत ठेवू नका. बाहेरचं भांडवल आलं की स्पर्धा वाढेल आणि माल स्वस्त होईल. रशिया एवढा मोठा आहे, की तो कुणाच्या मुठीत जाणार नाही.

पण या सगळ्याचा भार शेतकऱ्यावर होता. कर्जाचं व्याज फेडायला धान्य परदेशी जायचं, आणि साखर, रॉकेल, काडेपेटीवर कर बसायचा.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. रुबलच्या सुधारणेला राज्य परिषदेचा विरोध होता, तेव्हा विट्टेनं झारच्या हुकुमानं ती करून घेतली. म्हणजे गुंतवणूकदाराचा भरवसा उभा होता तो एका माणसाच्या मर्जीवर. १९०० नंतर मंदी आली आणि १९०३ मध्ये त्याच मर्जीनं विट्टेचं अर्थखातं गेलं.

१९०५ मध्ये जपानशी तह करायला झारला पुन्हा विट्टेच लागला. क्रांती पेटल्यावर निवडून आलेली संसद आणि नागरी हक्क देणारा ऑक्टोबरचा जाहीरनामाही त्यानंच झारच्या गळी उतरवला. १९०६ मध्ये पॅरिसहून २२५ कोटी फ्रँकचं प्रचंड कर्ज मिळवलं. त्यानंतर काही दिवसांतच त्याचं पंतप्रधानपद गेलं आणि झारनं संसदेचे अधिकार छाटायला सुरुवात केली.

१९१५ मध्ये विट्टे वारला. तीन वर्षांनी बोल्शेविकांनी झारची सगळी परदेशी कर्जं एका फटक्यात रद्द केली. फ्रान्समधल्या लाखो सामान्य लोकांनी आयुष्यभराची पुंजी रशियन रोख्यांत घातली होती. ती बुडाली.

चलन स्थिर, कर स्थिर, परवानग्या सोप्या ही विट्टेची यादी चुकीची नव्हती. पण सरकार बदललं तरी दिलेला शब्द पाळला जाईल, अशी व्यवस्था त्या देशात उभीच राहिली नाही.