आनंदीबाईंना कशानं नेलं?

आनंदीबाई जोशी म्हटलं की पहिली महिला डॉक्टर, एवढं आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण त्या गेल्या कशानं? क्षयानं, म्हणजेच टीबीनं. वय होतं अवघं एकवीस.

कल्याणच्या जोशी घराण्यातली ही यमुना. जन्म ३१ मार्च १८६५चा. नवव्या वर्षी पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशांशी लग्न झालं नि यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव वयानं खूप मोठे, स्वभावानं हट्टी. बायकोनं शिकलंच पाहिजे हा त्यांचा ध्यास. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला, पण दहाच दिवसांत गेला. हे दुःख आनंदीबाईंना विसरता आलं नाही. त्या काळी पुरुष डॉक्टरला दुखणं दाखवायची बायकांना लाज वाटे आणि बाई डॉक्टर तर मिळतच नसे. मग दुखणं अंगावर काढायचं, हीच रीत! ती मोडायची म्हणून त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं.

एप्रिल १८८३मध्ये, अठराव्या वर्षी, नवऱ्याला मागे ठेवून त्या कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. तिथं कार्पेंटरबाईंनी त्यांना पोटच्या मुलीसारखं जपलं. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण सुरू झालं. पण कडाक्याची थंडी, परकं अन्न आणि अभ्यासाचा ताण. तब्येत खालावत गेली. तरीही ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागाही त्यांना देऊ केली गेली. मात्र त्या मायदेशी परतल्या त्या क्षयानं पोखरलेलं शरीर घेऊनच. एकही दिवस दवाखाना चालवायला मिळाला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२मध्येच शोधला होता. पण त्यावर लागू पडणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४०चं दशक उजाडावं लागलं. स्वतः डॉक्टर असूनही आनंदीबाईंच्या हाती औषध नव्हतं.

आज औषध आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि उपचार मोफत होतात. गोळ्या साधारण सहा महिने न चुकता घेतल्या की टीबी बरा होतो. तरी सालेकसा असो की अर्जुनी मोरगाव, खोकणारी बाई म्हणते, रोवणी आटपू दे, मग जाऊ. लग्नाची मुलगी असेल तर घरचेच दुखणं लपवतात. सुनेला टीबी निघाला की तिला माहेरी धाडतात. या लपवालपवीत आजार वाढतो आणि घरातल्या लेकरांनाही लागू शकतो.

तेव्हा मैत्रिणींनो, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, घटलेलं वजन किंवा थुंकीतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर आशाताईंना सांगा, थुंकी तपासून घ्या. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. बायकांनी दुखणं अंगावर काढू नये, यासाठीच तर आनंदीबाई सातासमुद्रापार गेल्या होत्या.