डोक्यावरची टोपली

जुन्या हॉलिवूडपटांची ज्यांना आवड आहे, त्यांना ही बाई नाव ठाऊक नसलं तरी चेहऱ्यानं नक्की ओळखीची असेल. डोक्यावर फळाफुलांनी लगडलेलं पागोटं, हातभर बांगड्या, गळ्यात माळाच माळा आणि पायांत वीतभर उंच बूट. डोळे नाचवत, हात फिरवत ती गाऊ लागली की पडदाभर रंग सांडायचे. ती कार्मेन मिरांडा. ब्राझीलची. पण ती खरोखर ब्राझीलची का, यावरून तिच्या हयातीतच वाद झाला.

कार्मेन जन्मली ९ फेब्रुवारी १९०९ रोजी, पोर्तुगालमधल्या एका खेड्यात. जेमतेम दहा महिन्यांची असताना आईच्या कडेवर बसून ती रिओला आली. वडील न्हावीकाम करत, आई खानावळ चालवी. कार्मेननं लहान वयातच टायच्या दुकानात आणि मग बायकांच्या टोप्यांच्या दुकानात नोकरी धरली. टोप्या बेतायचा तिचा हात तिथंच बसला, आणि पुढं तो भलत्याच कारणानं कामी आला. १९३० साली तिचं एक गाणं कार्निव्हलच्या दिवसांत घरोघरी पोचलं. पुढची आठ-नऊ वर्षं रेडिओवर आणि रेकॉर्डवर तिचंच राज्य होतं.

१९३९ सालच्या ‘बनाना दा तेर्रा’ या चित्रपटात एका नामवंत संगीतकाराचं गाणं घ्यायचं ठरलं होतं. पैशांवरून बिनसलं आणि ऐनवेळी दुसरं गाणं शोधावं लागलं. ते मिळालं दोरिव्हाल कायमी या तरुणाकडून. तो नुकताच बाहिया प्रांतातून नशीब काढायला रिओला आला होता. बाहियाच्या बाईपाशी काय काय असतं, असा त्या गाण्याचा प्रश्न; आणि तिच्या अंगावरच्या लेण्यांची यादी हे त्याचं उत्तर.

ही बाहियाची बाई म्हणजे साल्वादोर शहरातली रस्त्यावरची विक्रेती. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशातली. पांढरा घेरदार परकर, जाळीचं पोलकं, डोक्याला फडकं, गळ्यात आपापल्या दैवतांच्या रंगांचे मणी. चवळी भिजवून, वाटून त्याचे वडे ती पामच्या तेलात तळते आणि तिथंच विकते. आपल्या कोळणीसारखीच ही बाईही शहराची खूण. तिच्यावर गाणी रचली जायची, पण तिला कोणी रंगमंचावर बोलावत नसे.

कार्मेननं तो पोशाख अंगावर चढवला. जाळीच्या जागी चमचमतं कापड, मण्यांच्या चौपट माळा, आणि डोक्यावर तिनं स्वतः बेतलेली टोपली. ते हातवारे कायमीनंच शिकवले, असं म्हणतात. गाणं तुफान चाललं. बाहियाच्या काळ्या बाईचं लेणं पोर्तुगालमध्ये जन्मलेल्या गोऱ्या मुलीच्या अंगावर आलं, याचं तेव्हा फारसं कोणाला खटकलं नाही.

त्याच वर्षी रिओतल्या उर्का कॅसिनोत न्यूयॉर्कच्या एका नाट्यनिर्मात्यानं तिला पाहिलं. मे महिन्यात ती अमेरिकेला पोचली, तीही आपले वादक सोबत घेऊनच. परदेशी वादकांच्या साथीनं सांबा उभा राहायचा नाही, हे तिचं म्हणणं रास्तच होतं. थोड्याच महिन्यांत न्यूयॉर्कच्या दुकानांत तिच्यासारखी पागोटी दिसू लागली.

जुलै १९४० मध्ये ती सुटीवर घरी आली. बंदरावर गर्दी लोटली. पण काही दिवसांनी त्याच उर्का कॅसिनोत, सत्ताधाऱ्यांच्या बड्या मंडळींपुढं, तिनं इंग्रजीत अभिवादन केलं, अमेरिकेत गाजलेलं गाणं म्हटलं, आणि सभागृह गार पडलं. टाळी नाही. ती आत जाऊन रडली. ही अमेरिकन होऊन आली, अशी कुजबुज होती. दोन महिन्यांत तिनं त्या टोमण्यावरच बेतलेलं सांबा-गीत गाऊन उट्टं काढलं, लोकांनी तेही उचलून धरलं. पण घाव आतवर गेला होता. त्यानंतर चौदा वर्षं तिनं ब्राझीलमध्ये पाऊल ठेवलं नाही.

हॉलिवूडमध्ये पैसा अमाप मिळाला. १९४५ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक कमाई करणारी स्त्री तीच होती. महायुद्धाच्या काळात अमेरिकेला दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांची मर्जी सांभाळायची होती, त्यात ही हसरी बाई सोयीची पडली. पण त्या चित्रपटांना ब्राझील, अर्जेंटिना, क्यूबा सगळं सारखंच! तिनं मोडकंतोडकं इंग्रजी बोलावं, लोकांनी हसावं. टोपली मात्र दर चित्रपटागणिक वाढत गेली. ती उतरवून काही वेगळं करायची तिची धडपड फार कोणी मनावर घेतली नाही. १९४७ मध्ये लग्न केलं, ते सुखाचं झालं नाही. कामासाठी जागं ठेवणाऱ्या गोळ्या आणि रात्री झोपेच्या गोळ्या, यांत शरीर खिळखिळं झालं.

डिसेंबर १९५४ मध्ये ती विश्रांतीसाठी रिओला परतली. या वेळी मात्र लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. चार महिन्यांनी ती पुन्हा कामावर गेली. ४ ऑगस्ट १९५५ रोजी टीव्हीच्या एका कार्यक्रमाचं चित्रण सुरू असताना नाचता नाचता तिचा तोल गेला, दम लागला. क्षणात सावरून तिनं नाच पुरा केला. त्या रात्री घरी हृदयविकारानं तिचं निधन झालं. वय अवघं ४६.

तिच्या इच्छेप्रमाणं पार्थिव विमानानं रिओला आणलं. सरकारनं राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. अंत्ययात्रेला सुमारे पाच लाख लोक रस्त्यावर होते. कागदोपत्री ती शेवटपर्यंत पोर्तुगालचीच नागरिक होती.