चूक कबूल करणारे गणिती : आँरी प्वाँकारे

फ्रान्समधल्या नान्सी शहरातली एक जुनी शाळा आज तिच्याच एका माजी विद्यार्थ्याच्या नावाने ओळखली जाते. ते विद्यार्थी म्हणजे आँरी प्वाँकारे. आपल्या वर्गात ज्यांना फळ्यावरचे दिसत नसे आणि चित्रकलेच्या तासाला घाम फुटत असे, त्यांनी हे जरूर वाचावे.

प्वाँकारे यांचा जन्म २९ एप्रिल १८५४ चा. लहानपणी घटसर्प झाला आणि कित्येक महिने त्यांची वाचाच गेली. नजर अधू, त्यामुळे वर्गात ते नुसते ऐकत आणि ऐकलेले लक्षात ठेवत. चित्रकला तर इतकी कच्ची, की १८७३ मध्ये पॅरिसच्या एकोल पोलिटेक्निकमध्ये पहिल्या क्रमांकाने प्रवेश मिळवला तो चित्रकला असूनही!

अशा माणसाने आकारांचे शास्त्र उभारावे, ही मोठी गंमत आहे. १८९५ मध्ये त्यांचा टोपॉलॉजीवरचा मोठा निबंध प्रसिद्ध झाला. लाडूभोवती दोऱ्याचा फास टाका, तो घसरून सुटतो. तोच दोरा मेदूवड्याच्या भोकातून ओवून गाठ मारा. वडा तोडल्याशिवाय सुटणार नाही. अशा फासांचा हिशेब बीजगणिताने मांडून आकार ओळखायचा, ही त्यांची युक्ती. आकार डोळ्यांसमोर आणता आला नाही तरी त्याचे गणित करता येते.

पण निबंधात एक चूक राहिली होती. १८९८ मध्ये हेगार्ड या तरुण डॅनिश गणितज्ञाने ती दाखवली. प्वाँकारे तेव्हा युरोपभर नावाजलेले. दुर्लक्ष केले असते तरी चालले असते. त्यांनी मात्र पुन्हा मांडणी केली आणि १८९९ ते १९०४ या काळात पाच पुरवण्या लिहिल्या. दुसऱ्या पुरवणीत केलेले एक विधान त्यांनीच पाचवीत खोडून काढले, तेही स्वतः शोधलेले उदाहरण देऊन. त्याच पानांत एक प्रश्न विचारला : ज्या बंदिस्त त्रिमितीय अवकाशात प्रत्येक फास सुटतो, तो गोलासारखाच असतो का?

सॉर्बोनमध्ये ते वर्षानुवर्षे नवनवे विषय शिकवत. विद्यार्थी टिपणे काढत आणि त्यांचीच पुढे पुस्तके होत. शाळेत स्वतः टिपणे न घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे घडावे, याचे मला फार कौतुक वाटते.

१७ जुलै १९१२ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी ते गेले. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र २००२-०३ मध्ये मिळाले. रशियाच्या ग्रिगोरी पेरेलमन यांनी तो आकार गोलासारखाच असतो हे सिद्ध केले, आणि त्याबद्दलचे दहा लाख डॉलरचे बक्षीस नाकारले.