नॅट होल्मन : न्यूयॉर्कच्या बास्केटबॉलचे आचार्य

एकाच शहरात जेव्हा चार-पाच महाविद्यालये नांदतात, तेव्हा त्यांच्यामधील सामन्यांना एक निराळीच धार चढते. परगावचा संघ येतो, खेळतो आणि निघून जातो. त्याच्याकडून झालेला पराभव आठ दिवसांत विसरता येतो. परंतु शेजारच्या पेठेतील संघाने हरविले, तर त्याच संघातील खेळाडू दुसऱ्या दिवशी बाजारात भेटतो आणि पुढच्या वर्षापर्यंत रोज भेटतच राहतो! इंदूर, बडोदे, बेळगाव येथील आमच्या वाचकांस ही गोष्ट विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात १९२० ते १९५० या तीस वर्षांत बास्केटबॉलच्या क्षेत्रात अशी चुरस इतक्या शिगेला पोहोचली होती, की तिची कथा त्या खेळाच्या इतिहासातील एक स्वतंत्र प्रकरण होऊन बसली आहे. या प्रकरणाचे नायक नॅट होल्मन यांचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

होल्मन यांचा जन्म १९ ऑक्टोबर १८९६ रोजी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या भागात झाला. त्यांचे आईवडील रशियातून आलेले ज्यू होते आणि घरात दहा मुले होती. हा भाग म्हणजे युरोपातून पोटासाठी आलेल्या गरिबांची दाट वस्ती. उंच, कोंदट चाळी, अरुंद गल्ल्या आणि मुलांना खेळावयास रस्त्यावाचून दुसरी जागा नाही. बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे शोधून काढला, म्हणजे तो होल्मन यांच्याहून केवळ पाच वर्षांनी वडील. थोडी जागा, एक चेंडू आणि दोन टोपल्या एवढ्यावर भागत असल्यामुळे तो या दाट वस्तीत झपाट्याने रुजला. होल्मन तेथील क्रीडांगणांवर आणि समाजसेवी केंद्रांच्या लहानशा सभागृहांत तो शिकले. पुढे सॅव्हेज स्कूल या शारीरिक शिक्षणाच्या संस्थेतून ते १९१७ साली पदवीधर झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी नौदलात नोकरी केली, आणि १९१९ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे बास्केटबॉल-शिक्षक झाले.

शिक्षक झाले तरी त्यांनी स्वत: खेळणे सोडले नाही. ‘ओरिजिनल सेल्टिक्स’ नावाचा व्यावसायिक संघ त्या काळी अजिंक्य समजला जात असे. १९२१ पासून होल्मन या संघातून खेळू लागले. हा संघ गावोगाव फिरून वर्षाकाठी शंभराहून अधिक सामने खेळे. म्हणजे आठवड्यातील काही दिवस महाविद्यालयात मुलांना शिकवावयाचे, रात्री आगगाडीत बसून दुसऱ्या गावी जावयाचे, सामना खेळावयाचा आणि पुन्हा परत यावयाचे, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षे चालू होता. होल्मन फार उंच नव्हते. त्यांचे सामर्थ्य हातांत आणि दृष्टीत होते. चेंडू आपल्याकडे असताना काय करावे हे पुष्कळांस कळते. चेंडू आपल्याकडे नसताना कोठे धावावे हे फार थोड्यांस कळते, आणि ते होल्मन यांना कळत असे. सोबत्याकडे चेंडू टाकून क्षणाचाही विलंब न करता टोपलीकडे धाव घ्यावयाची आणि तोच चेंडू परत झेलावयाचा, ही त्यांची खेळी पुढे साऱ्या शहराची खेळी झाली. प्रतिस्पर्ध्याचा किंचित धक्का लागताच असे काही कोसळावे की पंचाने शिट्टी वाजवावीच, ही कलाही त्यांना साधली होती, असे त्यांचे समकालीन मोठ्या कौतुकाने सांगत. आम्हांस मात्र या कौतुकात भाग घेता येत नाही.

आता सिटी कॉलेजविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून पुढील कथेचे मर्म कळणार नाही. ही संस्था १८४७ साली ‘फ्री अकॅडमी’ या नावाने निघाली. शहराच्या खर्चाने चालणाऱ्या या संस्थेत विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क घेतले जात नसे. प्रवेश मिळे तो गुणांवर. शिंप्यांची, फेरीवाल्यांची, कारखान्यांतील मजुरांची मुले हार्लेममधील टेकडीवरच्या या महाविद्यालयात भुयारी रेल्वेने येत. १९४८ पर्यंत या रेल्वेचे भाडे पाच सेंट होते. येथे खेळाडूंना मोठ्या शिष्यवृत्त्या देऊन दुरून आणण्याची सोय नव्हती. जे गल्लीत वाढले, तेच संघात आले. होल्मन स्वत: त्याच गल्ल्यांतून आलेले, परंतु त्यांचा पोशाख नेहमी नीटनेटका, उच्चार अत्यंत शुद्ध आणि शिस्त कडक. मुलांना त्यांचा धाक वाटे. जवळीक फारशी वाटत नसे.

शहरातील प्रतिस्पर्धी काही सामान्य नव्हते. न्यूयॉर्क विद्यापीठ हा तर सिटी कॉलेजचा हाडवैरी. (या विद्यापीठाची उच्च पदवी स्वत: होल्मन यांनी घेतलेली होती, ही गंमत येथे नमूद करावयास हरकत नाही.) या दोघांचा सामना मोसमाच्या अखेरीस होई आणि आधीचे सारे सामने जणू त्याची पूर्वतयारी असत. १९३४ साली सिटी कॉलेजने एकही सामना न गमावता येथवर मजल मारली आणि येथेच न्यूयॉर्क विद्यापीठाने त्यांना हरविले. त्या वर्षातील त्यांचा तो एकमेव पराभव. ब्रुकलिनमध्ये लाँग आयलंड विद्यापीठाचे क्लेअर बी हे विलक्षण बुद्धिमान शिक्षक होते. सेंट जॉन्सच्या संघाला १९३६ पासून जो लॅपचिक शिकवू लागले. हे लॅपचिक सेल्टिक्स संघातील होल्मन यांचेच जुने सोबती. एका पंक्तीला बसलेले दोन मित्र आता समोरासमोरच्या बाकांवर बसू लागले. याशिवाय फोर्डहॅम आणि मॅनहॅटन ही महाविद्यालये होतीच.

प्रारंभी हे सामने महाविद्यालयांच्या लहान व्यायामशाळांत होत आणि जागेअभावी शेकडो लोकांना परत फिरावे लागे. १९३१ साली मंदीच्या दिवसांत बेकारांच्या साहाय्यार्थ मॅडिसन स्क्वेअर गार्डन या भव्य सभागृहात शहरातील महाविद्यालयांचे सामने भरविण्यात आले, तेव्हा झालेली गर्दी पाहून सारेच चकित झाले. पुढे नेड आयरिश नावाच्या एका तरुण क्रीडावार्ताहराने २९ डिसेंबर १९३४ पासून तेथे एकाच तिकिटात दोन सामने दाखविण्याची प्रथा सुरू केली. पहिल्याच रात्री १६ हजारांहून अधिक प्रेक्षक आले. महाविद्यालयीन खेळ येथून मोठ्या पैशाचा झाला. आणि जेथे पैसा, तेथे पैजा लावणारेही आलेच. त्या वेळी मात्र त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

१९५० साली होल्मन यांच्या आयुष्यातील सर्वोच्च क्षण आला. त्या काळी वर्षाच्या शेवटी दोन राष्ट्रीय स्पर्धा होत : एक एन. आय. टी. आणि दुसरी एन. सी. ए. ए. सिटी कॉलेजच्या संघात एड वॉर्नर, एड रोमन, अर्विन डॅम्ब्रॉट, फ्लॉइड लेन, अल रॉथ असे गडी होते. यांपैकी तिघे ज्यू आणि दोघे निग्रो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजातील, म्हणजे आज ज्यांना कृष्णवर्णीय अमेरिकन म्हणतात त्यांतील. देशाच्या पुष्कळ भागांत गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एका संघात खेळणे अशक्य असताना हार्लेमच्या टेकडीवर ते घडत होते. एन. आय. टी. मध्ये त्यांनी बलाढ्य केंटकी संघाला ८९-५० असे धुऊन काढले. त्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, त्यामुळे या विजयाचा अर्थ केवळ गुणफलकापुरता राहिला नाही. अंतिम सामन्यात ब्रॅडली विद्यापीठाचा ६९-६१ असा पराभव झाला. दहाच दिवसांनी, २८ मार्च रोजी, दुसऱ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पुन्हा तेच ब्रॅडली समोर उभे राहिले. शेवटच्या क्षणांत केवळ एका गुणाची आघाडी उरली होती. ब्रॅडलीचा मेल्कियोर टोपलीकडे झेपावला, डॅम्ब्रॉटने चेंडू हिरावून घेतला आणि पुढे धावणाऱ्या नॉर्म मॅगरकडे फेकला. मॅगरच्या कपाळाला त्याच सामन्यात टाके पडले होते. पट्टी बांधलेल्या त्या खेळाडूने गोल केला आणि ७१-६८ असा विजय मिळाला. एकाच वर्षी दोन्ही स्पर्धा जिंकणारा हा एकमेव संघ होय. आता नियमच बदलल्यामुळे हा पराक्रम दुसऱ्या कोणास करता येणार नाही.

अवघ्या अकरा महिन्यांत या मंदिराचा कळस ढासळला.

येथे पैजेची रीत समजावून सांगितली पाहिजे. सट्टेबाज केवळ कोण जिंकेल यावर पैजा घेत नसत. किती गुणांच्या फरकाने जिंकेल यावर घेत. समजा, एखादा संघ दहा गुणांनी जिंकेल अशी अटकळ आहे. खेळाडूने पैसे घेऊन संघाला चारच गुणांनी जिंकू दिले, तर पैज मारणाऱ्याची चंगळ होते आणि संघ जिंकलाही! गरीब घरातील मुलाला असे सांगता येई की, तू हरावेस असे आम्ही कोठे म्हणतो? या युक्तिवादात मोह किती भयंकर आहे हे आमच्या वाचकांच्या ध्यानी येईलच.

जानेवारी १९५१ मध्ये मॅनहॅटन महाविद्यालयाच्या ज्युनियस केलॉग या खेळाडूला असाच एक हजार डॉलरचा मोह दाखविण्यात आला. तो त्या महाविद्यालयाच्या संघातील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याने पैसे नाकारले आणि सरळ आपल्या शिक्षकांना जाऊन सांगितले. तेथून धागा उलगडत गेला. १८ फेब्रुवारीच्या सुमारास सिटी कॉलेजचा संघ फिलाडेल्फियात सामना जिंकून आगगाडीने परत येत असताना गुप्त पोलिसांनी वॉर्नर, रोमन आणि रॉथ यांना ताब्यात घेतले. होल्मन यांनी मुलांना खरे ते सांगण्याचा सल्ला दिला. लेन अद्याप मोकळा होता. विद्यार्थ्यांनी त्याला निष्कलंक समजून डोक्यावर घेतले, आणि मग त्यानेही कबुली दिली. घेतलेले पैसे त्याने घरातील फुलांच्या कुंडीत लपवून ठेवले होते. सिटी कॉलेजचे एकंदर सात खेळाडू यात सापडले. लाँग आयलंड विद्यापीठाचा शेर्मन व्हाइट, त्या वर्षीचा बहुधा सर्वोत्तम खेळाडू, तुरुंगात गेला. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठ, ब्रॅडली, टोलेडो यांचीही नावे आली, आणि आपल्या मुलांना जुगारी शिवूही शकणार नाहीत असे ऐटीने सांगणाऱ्या केंटकीच्या शिक्षकांचेही खेळाडू पकडले गेले. ज्या संघांनी तीस वर्षे एकमेकांवर मात करण्यासाठी जिवाचे रान केले, ते एकाच आरोपपत्राच्या छायेत एकत्र आले.

होल्मन यांना हे ठाऊक होते काय? त्यांनी स्वत: शेवटपर्यंत नाही असेच सांगितले, आणि त्यांनी पैसे घेतल्याचा आरोप कोणीही केला नाही. तथापि १९५२ साली शहराच्या शिक्षण-मंडळाने त्यांना निलंबित केले. त्यांनी दाद मागितली आणि १९५४ साली राज्याच्या शिक्षण-आयुक्तांच्या आदेशाने ते पुन्हा कामावर रुजू झाले. आमच्या मते कायद्याने त्यांना न्याय मिळाला, तो योग्यच होता. परंतु दररोज डोळ्यांसमोर वावरणाऱ्या मुलांचे मन शिक्षकाला वाचता येऊ नये, ही गोष्टही मनाला लागून राहते. चेंडू कोठे जाणार हे आधी ओळखणारी ती दृष्टी येथे कमी पडली.

परत आले तेव्हा सारेच बदललेले होते. सिटी कॉलेजने गार्डनमध्ये खेळणे बंद केले होते. सामने पुन्हा लहान व्यायामशाळेत आणि लहान संघांशी होऊ लागले. होल्मन यांनी तेथेही शिकविले आणि १९६० साली ते निवृत्त झाले. त्यांच्या नावावर ४२३ विजय आणि १९० पराभव आहेत. १९४९ साली नव्याने स्थापन झालेल्या इस्रायल देशात जाऊन त्यांनी तेथील तरुणांना बास्केटबॉल शिकविला होता; निवृत्तीनंतर त्या देशाच्या क्रीडाकार्यासाठी त्यांनी पुष्कळ वर्षे वेचली. १९६४ साली बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात त्यांची निवड झाली.

कुंडीत पैसे लपविणारा फ्लॉइड लेन पुढे न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील मुलांना खेळ शिकवू लागला. १९७४ साली सिटी कॉलेजला बास्केटबॉल-शिक्षक हवा होता, तेव्हा महाविद्यालयाने त्यालाच बोलावले. होल्मन त्या वेळी सत्याहत्तर वर्षांचे होते. १२ फेब्रुवारी १९९५ रोजी वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी ब्राँक्स येथे त्यांचे निधन झाले. सिटी कॉलेजच्या व्यायामशाळेला त्यांचेच नाव दिलेले आहे.