अडथळ्याला नाव देणारा माणूस

माझ्या पुतण्यानं गेल्या वर्षी जुनी मोटार घेतली. आधीचे दोन स्पीकर पुरेनात, म्हणून आणखी दोन बसवून आणले. पहिल्या दिवशी आळी दणाणली, पण पंधरवड्यातच अँप्लिफायर तापून बंद पडू लागला. स्पीकर काढून पाहिला तर मागे ‘४ ओहम’ असं छापलेलं. असे दोन स्पीकर समांतर जोडले की मिळून २ ओहमच उरतात आणि अँप्लिफायरला जवळजवळ दुप्पट करंट पुरवावा लागतो. त्याची ऐपत ४ ओहमपर्यंतचीच होती. मी जन्मभर बँकेत कर्जाच्या फायली चाळल्या. झेपत नसलेला हप्ता मला लगेच ओळखू येतो!

गंमत अशी की मल्टिमीटर लावला तर त्याच स्पीकरवर ४ भरत नाही, सव्वातीन-साडेतीन दिसतो. कारण ४ हा आकडा नुसत्या रोधाचा नव्हे, इम्पिडन्सचा. तोही ढोबळ, कारण गाण्याचा स्वर चढला-उतरला की तारेच्या वेटोळ्याची अडवणूक बदलते. या अडवणुकीला इम्पिडन्स हे नाव दिलं ऑलिव्हर हेविसाइडनं, १८८६ च्या जुलैमध्ये. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. नोकरी नव्हती, आईवडिलांच्या घरी राहत होता.

जन्म १८५० चा, लंडनच्या कॅम्डन टाउनमधला. वडील लाकडावर चित्रं कोरायचे, घरात ओढगस्त. लहानपणी स्कार्लेट फीवर झाला आणि ऐकू कमी येऊ लागलं. ध्वनीच्या यंत्रांना ज्याचा शब्द पुढे रोज लागणार, तो स्वतः अर्धवट बहिरा! सोळाव्या वर्षी शाळा सुटली. तारयंत्रात नाव कमावलेले चार्ल्स व्हीटस्टन त्याच्या मावशीचे यजमान. अठराव्या वर्षी तो तारखात्याच्या कामाला लागला, एका डॅनिश कंपनीत. चोविसाव्या वर्षी ती नोकरी सोडली, ती कायमची. घरच्यांना काय वाटलं असेल, हे ज्यांनी सुखासुखी नोकरी सोडली त्यांनाच कळेल. मला कधी धीर झाला नाही.

मॅक्सवेलचा विजेवरचा जाडजूड ग्रंथ त्यानं खोलीत बसून स्वतःचा स्वतः पचवला आणि त्यातली पसरलेली समीकरणं चारांत आणून बसवली. आज कॉलेजात मॅक्सवेलच्या नावानं शिकवतात ती हीच मांडणी.

खरी ठिणगी पडली टेलिफोनवरून. लांबच्या तारेतून आवाज जाताना चिरकतो, विस्कटतो. कारण त्यातले वेगवेगळे स्वर वेगवेगळ्या वेगानं जातात आणि कमीजास्त क्षीण होतात. हेविसाइडनं गणितानं दाखवलं, की तारेचा रोध, प्रेरकत्व, धारकता आणि गळती यांचं प्रमाण नीट जुळलं तर आवाज क्षीण होईल, पण विस्कटणार नाही. त्यासाठी तारेतलं प्रेरकत्व वाढवायला हवं. ब्रिटिश पोस्टखात्यातले बडे अभियंते विल्यम प्रीस यांचं मत नेमकं उलटं होतं. प्रेरकत्व म्हणजे टेलिफोनचा शत्रू! ऑलिव्हरचा भाऊ आर्थर त्याच खात्यात नोकरीला. दोघा भावांनी मिळून लिहिलेला लेख १८८७ मध्ये प्रीस यांनी अडवला. ज्या ‘इलेक्ट्रिशियन’ साप्ताहिकात ऑलिव्हर लिहीत असे, तिथंही त्याच वर्षी त्याची लेखमाला थांबली. साहेबाचं मत आणि खालच्याचं गणित यांत फाइल कुठे अडते, हे मी वेगळं सांगायला नको.

पुढे अमेरिकेत मायकेल प्युपिन यांनी तारेवर ठरावीक अंतरानं वेटोळी बसवण्याचं पेटंट १९०० मध्ये घेतलं. ते तिथल्या टेलिफोन कंपनीनं मोठी रक्कम मोजून विकत घेतलं. हेविसाइडला दमडी मिळाली नाही. त्याआधी १८९१ मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला सदस्य करून घेतलं होतं. मदतनिधी मात्र त्यानं भीक समजून नाकारला. शेवटी मित्रांनी समजूत घातली तेव्हा १८९६ मध्ये वर्षाला १२० पौंडांचं सरकारी पेन्शन घेतलं.

१८८९ पासून हे कुटुंब डेव्हनमध्ये पेंटन गावी भावाच्या वाद्यांच्या दुकानावर राहायला गेलं होतं. आईवडील गेल्यावर तो एकटा पडत गेला. म्हातारपणी टॉर्कीच्या घरात खुर्च्या-टेबलांऐवजी दगडी ठोकळे मांडून राहायचा, नावापुढे पदवीसारखी डब्ल्यू-ओ-आर-एम ही अक्षरं जोडायचा. एकत्र वाचली की किडा. कोणी याला वेड म्हणतं. मला त्यात थोडा रागही दिसतो.

वातावरणात उंचावर विजेला वाहू देणारा एक थर असावा, म्हणून बिनतारी लहरी पृथ्वीच्या गोलाईला धरून जातात, असं त्यानं १९०२ मध्ये लिहून ठेवलं होतं. ॲपल्टननं १९२४ च्या डिसेंबरमध्ये प्रयोगानं तो थर पक्का केला. हेविसाइड शिडीवरून पडला आणि १९२५ च्या ३ फेब्रुवारीला टॉर्कीत गेला. पेंटनच्या दफनभूमीत तो आईवडिलांजवळ आहे.