विश्लेषण : पाणी तापवणाऱ्या ‘हीट पंप’ची कल्पना १८५२ मधली? लॉर्ड केल्विन यांचा हिशेब कुठे बरोबर ठरला आणि अकलोलीच्या खडकाने कुठे चुकवला?

वीज वाचवणारे पाणी तापवण्याचे यंत्र म्हणून ‘एअर सोर्स हीट पंप’ आता हॉटेल आणि वसतिगृहांच्या गच्चीवरून घरांतही येऊ लागला आहे. एक युनिट वीज घेऊन तीन युनिट उष्णता देतो, असे त्याबद्दल सांगितले जाते. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. मात्र यामागचा हिशेब १७० वर्षांहून जुना आहे. तो मांडणारे विल्यम थॉमसन पुढे लॉर्ड केल्विन या नावाने ओळखले गेले. त्यांच्या आयुष्यात उष्णतेचे दोन मोठे हिशेब आहेत. पहिल्यावर आजचे यंत्र उभे आहे, दुसरा चुकला. हीट पंप घेण्याच्या विचारात असलेल्यांना दोन्ही उपयोगी पडतील.

अकलोलीचे पाणी गरम कसे?

भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरीजवळ तानसा नदीकाठी अकलोलीची गरम पाण्याची कुंडे आहेत. देवीच्या दर्शनाला आलेले भाविक येथे स्नान करतात. पाण्याचे तापमान ५० अंश सेल्सियसच्या आसपास असते. गणेशपुरी, सातिवली येथपासून थेट राजापूरपर्यंत कोकणात असे झरे आहेत. पावसाचे पाणी काळ्या खडकाच्या भेगांतून खोल झिरपते, तेथे तापते आणि भेगांतूनच वर येते. जमिनीत एक किलोमीटर खाली गेल्यावर तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. म्हणजे येथे उष्णता कोणी तयार करत नाही. ती खाली आहेच, पाणी तिला फक्त वर आणते. हीट पंपही उष्णता तयार करत नाही, हवेतली उष्णता उचलून पाण्यात आणून सोडतो. फरक इतकाच, की कुंडात उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे आपोआप येते. हीट पंपात ती उलट न्यावी लागते, आणि त्यासाठी वीज मोजावी लागते. किती मोजावी लागते, हाच थॉमसन यांचा पहिला हिशेब.

विल्यम थॉमसन कोण होते?

थॉमसन यांचा जन्म २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. ते सहा वर्षांचे असताना आई वारली. वडील जेम्स थॉमसन गणिताचे शिक्षक होते. १८३२ मध्ये त्यांना ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले आणि कुटुंब स्कॉटलंडला गेले. मुलांचा अभ्यास वडील स्वतः घेत. विल्यम दहाव्या वर्षीच विद्यापीठाच्या वर्गात बसू लागला. पुढे फ्रेंच गणिती फूरिए यांचे उष्णतेच्या वहनावरचे पुस्तक त्याच्या हाती पडले. एका नामवंत प्राध्यापकाने फूरिए यांच्या गणितात काढलेली चूक बरोबर नाही, हे दाखवणारा लेख त्याने १८४१ मध्ये टोपणनावाने छापला. तेव्हा वय होते १६.

केंब्रिजचे शिक्षण १८४५ मध्ये संपवून थॉमसन पॅरिसला गेले. वाफेच्या यंत्रांवर अचूक प्रयोग करणाऱ्या रेन्यो यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. १८४६ मध्ये, २२ व्या वर्षी, ते ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि ५३ वर्षे त्याच पदावर राहिले.

उष्णतेचे कोडे काय होते?

फ्रान्सचे इंजिनीअर सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये, म्हणजे थॉमसन यांच्या जन्मवर्षीच, वाफेच्या यंत्रावर एक लहान पुस्तक लिहिले. उंचावरून पडणारे पाणी जसे चक्की फिरवते, तशी गरमाकडून थंडाकडे जाणारी उष्णता यंत्र चालवते, अशी त्यांची मांडणी होती. तापमानातला फरक जितका जास्त, तितके काम जास्त. हे पुस्तक थॉमसन यांनी पॅरिसच्या दुकानांत शोधले, पण तेव्हा मिळाले नाही. मात्र त्यातली कल्पना दुसऱ्याच्या लेखातून त्यांच्यापर्यंत पोहोचली होती.

कार्नो यांच्या मांडणीत चक्कीतून पाणी जसे तेवढेच बाहेर पडते, तशी उष्णताही तेवढीच शिल्लक राहते. १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत थॉमसन यांना जेम्स जूल भेटले. काम खर्च केले की उष्णता निर्माण होते आणि दोन्हींचे प्रमाण ठरलेले असते, हे जूल यांनी प्रयोगांनी दाखवले होते. दोघांचे बरोबर कसे असेल, हा प्रश्न थॉमसन यांना चार वर्षे सतावत राहिला. जर्मनीत क्लाउसियस यांनी १८५० मध्ये आणि थॉमसन यांनी १८५१ मध्ये उत्तर मांडले. यंत्रात काही उष्णतेचे काम होते हे जूल यांचे म्हणणे खरे, आणि उरलेली उष्णता थंड बाजूला टाकावीच लागते हे कार्नो यांचे म्हणणेही खरे. याच काळात, १८४८ मध्ये, त्यांनी तापमान मोजण्याची निरपेक्ष श्रेणी सुचवली. आज तिचे शून्य उणे २७३.१५ अंश सेल्सियसला धरले जाते.

१८५२ मध्ये त्यांनी काय मांडले?

त्याआधी खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी हवा दाबून व पुन्हा पसरू देऊन उष्ण प्रदेशातील खोल्या थंड करण्याची योजना मांडली होती. थॉमसन यांनी डिसेंबर १८५२ मध्ये ग्लासगोच्या तत्त्वज्ञान मंडळासमोर हीच क्रिया उलटवून दाखवली. बाहेरची हवा पसरू दिली की ती बाहेरच्यापेक्षाही थंड होते. त्यामुळे थंड वातावरणातूनही ती उष्णता शोषते. मग ती दाबली की तापमान वाढते आणि तीच उष्णता घरात सोडता येते. एकच यंत्र उन्हाळ्यात इमारत थंड आणि हिवाळ्यात गरम करेल.

खरा धक्का हिशेबात होता. कोळसा शेगडीत जाळून मिळते त्याहून जास्त उष्णता त्याच कोळशावर वाफेचे इंजिन चालवून आणि त्याने हवा दाबून घरात आणता येईल, असे त्यांनी दाखवले. त्या काळची इंजिने बहुतेक उष्णता वाया घालवत, तरीही.

थॉमसन यांनी हे यंत्र स्वतः बांधले नाही. स्वस्त कोळशाच्या देशात गुंतागुंतीचा पंप कोण बसवणार? थंड करण्याची बाजू मात्र लवकर उपयोगात आली. १८७० च्या दशकाअखेरीस ग्लासगोच्याच बेल आणि कोलमन यांच्या यंत्राने अमेरिकेतून ब्रिटनला ताजे मांस जहाजाने येऊ लागले. गरम करण्याच्या बाजूला फार वेळ लागला. झ्युरिकच्या नगरभवनात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला तो १९३८ मध्ये.

थॉमसन यांचे ‘केल्विन’ कसे झाले?

१८५२ मध्येच थॉमसन यांचे मार्गारेट क्रम यांच्याशी लग्न झाले. त्यांची प्रकृती पुढे सतत ढासळत गेली आणि १८७० मध्ये त्यांचे निधन झाले. या काळात थॉमसन अटलांटिक महासागराखालून तारायंत्राची केबल टाकण्याच्या कामात होते. १८५८ ची केबल काही आठवड्यांत बंद पडली. १८६६ ची टिकली आणि त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. मैलोन्‌मैल केबलमधून येणारा क्षीण संदेश टिपणारी उपकरणे त्यांची होती. १८७० मध्ये मुंबईही समुद्री केबलने एडनमार्गे ब्रिटनशी जोडली गेली. १८७४ मध्ये त्यांनी फ्रान्सेस ब्लँडी यांच्याशी दुसरा विवाह केला. १८९२ मध्ये त्यांना उमरावपद मिळाले तेव्हा ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचे नाव त्यांनी घेतले.

दुसरा हिशेब कुठे चुकला?

जमिनीत खोल जावे तशी उष्णता वाढते, म्हणजे पृथ्वी थंड होत आहे. ती किती काळ थंड होत आहे, हे फूरिए यांच्या गणिताने काढता येईल, असे थॉमसन यांना वाटले. १८६२ मध्ये त्यांनी पृथ्वीचे वय २ ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान ठरवले. १८९७ पर्यंत त्यांनी ते २ ते ४ कोटींवर आणले. जीवसृष्टीच्या उत्क्रांतीला याहून फार जास्त काळ हवा होता. त्यामुळे डार्विन यांचीही अडचण झाली.

गणितात चूक नव्हती, गृहीतकांत होती. पृथ्वीच्या पोटातला तप्त खडक अतिशय संथपणे वरखाली होतो आणि उष्णता वर आणत राहतो. हा आक्षेप त्यांचेच माजी सहायक जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये घेतला होता. शिवाय खडकांतील किरणोत्सारी द्रव्ये सतत उष्णता देत असतात, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळले. केल्विन यांनी आपला आकडा मात्र शेवटपर्यंत सोडला नाही. आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. अकलोलीच्या कुंडांभोवतीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. म्हणजे केल्विन यांनी अखेरीस साऱ्या पृथ्वीला जेवढे वय दिले, त्याहून हा दगडच म्हातारा आहे.

१७ डिसेंबर १९०७ रोजी स्कॉटलंडमधील लार्ग्स येथे केल्विन यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटन यांच्याजवळ त्यांना पुरण्यात आले. तापमानाचे एकक आज त्यांच्या नावाने चालते.

आजचा घरगुती हीट पंप कसा चालतो?

हा म्हणजे उलटा बसवलेला एसी. केल्विन यांच्या यंत्रात हवाच दाबली जात होती, आजच्या यंत्रात एसी मेकॅनिक ज्याला नुसता गॅस म्हणतात ते रेफ्रिजरंट असते. पंखा बाहेरची हवा कॉइलवर ओढतो. आतले थंड रेफ्रिजरंट त्या हवेतली उष्णता घेऊन उकळते. कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबून तापवतो. ती टाकीच्या पाण्याला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते. नंतर बारीक छिद्रातून जाताना दाब उतरतो आणि रेफ्रिजरंट पुन्हा थंड होते. छिद्रातून वायू सोडल्यावर त्याचे तापमान कसे बदलते, याचे प्रयोग जूल आणि थॉमसन यांनी १८५२ पासून एकत्र केले होते.

बचत किती होऊ शकते?

चार माणसांच्या घरात रोज १५० लिटर पाणी २५ वरून ५० अंशांवर न्यायचे, तर सुमारे ४.४ युनिट उष्णता लागते. साधा गीझर तेवढीच वीज घेतो. तिप्पट उष्णता देणारा हीट पंप दीड युनिटमध्ये हे काम करतो. महिन्याला ८५ ते ९० युनिट वाचतात. टाकीतून झिरपणारी उष्णता दोन्हीकडे वेगळी धरावी.

तिप्पट हा आकडा निसर्गनियम मोडत नाही. हवा २५ अंश म्हणजे २९८ केल्विन, पाणी ५५ अंश म्हणजे ३२८ केल्विन. ३२८ ला ३० या फरकाने भागले की सुमारे ११ येतात. आदर्श यंत्राची मर्यादा ही. खरे यंत्र तीन-चारपर्यंत पोहोचते. फरक वाढला की लाभ घटतो. म्हणून पाणी विनाकारण ६५ अंशांवर ठेवणे महाग पडते आणि यंत्र पहाटेऐवजी दुपारी चालवणे स्वस्त पडते. कोकणातली उबदार, दमट हवा या यंत्राला मानवते. पावसाळ्यात सौर हीटर थंडावतो, तेव्हाही ते चालते.

बसवताना काय पाहावे?

पहिली गोष्ट जागा. यंत्र थंड हवा बाहेर फेकते. बंद बाथरूममध्ये किंवा कोंदट माळ्यावर ते आपलीच थंड हवा पुन्हा ओढते आणि बचत संपते. गच्ची किंवा उघडी गॅलरी योग्य, मात्र शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीला लागून नको. २०० लिटरची भरलेली टाकी दोनशे किलोंहून जड असते, त्यामुळे स्लॅब कुठे भार घेईल हे आधी विचारावे. पावसाळ्यात कॉइलवरून बरेच पाणी ठिबकते. त्याला निचऱ्याची नळी हवी. गरम पाण्याच्या पाइपला आवरण, वेगळा एमसीबी, चांगले अर्थिंग आणि टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह लागतोच. बोअरच्या जड पाण्याने क्षार साचतात, म्हणून टाकीतील ॲनोड रॉड वेळोवेळी तपासावा. पाणी कायम ४० अंशांच्या आसपास साठवू नये, त्यात जंतू वाढतात. ५५ अंश ठेवणे किंवा आठवड्यातून एकदा ६० पर्यंत नेणे सुरक्षित.

आकडा कोणता विचारावा?

माहितीपत्रकातला तीन किंवा चार हा आकडा हवेच्या आणि पाण्याच्या विशिष्ट तापमानांना धरून काढलेला असतो. ती तापमाने कोणती, हे विक्रेत्याला विचारावे आणि आपल्या गावच्या हिवाळ्यातल्या पहाटेशी ताडून पाहावे. घरातले गरम पाणी मोजावे. दोन माणसांना रोज दोन बादल्या लागत असतील, तर गीझरच्या कित्येक पट किमतीचे हे यंत्र पैसे वसूल करायला फार वर्षे घेईल. मोठे कुटुंब, खानावळ किंवा वसतिगृह असेल तर हिशेब बदलतो. आकडेमोड बरोबर असूनही गृहीतक चुकले की उत्तर चुकते, हे केल्विन यांच्या बाबतीत घडले. यंत्र घेणाऱ्याने आधी गृहीतके तपासावीत.