सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस

सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस ऊर्फ सुरबानाना टिपणीस हे महाड (तत्कालीन कुलाबा, आताचा रायगड जिल्हा) येथील समाजसुधारक आणि महाड नगरपालिकेचे अध्यक्ष होते. नगरपालिकेच्या ताब्यातील चवदार तळे व इतर सार्वजनिक ठिकाणे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी खुली करण्याच्या निर्णयामुळे ते ओळखले जातात. त्यांचा जन्म चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजात झाला होता.

पार्श्वभूमी

सावित्री व गांधारी या नद्यांच्या परिसरात वसलेले महाड हे तालुक्याचे ठाणे व बाजारपेठ होते. आसपासच्या खेड्यांतील अस्पृश्य लोक बाजारहाटासाठी, तसेच सरकारी टपाल पोहोचवण्यासाठी आणि शेतसाऱ्याचा भरणा करण्यासाठी येथे येत. पावसाचे पाणी व नैसर्गिक झरे यांवर भरणारे चवदार तळे गावाच्या मध्यभागी होते. बाहेरगावच्या माणसाला पाणी मिळण्याची तीच सार्वजनिक सोय होती. परंतु अस्पृश्यांना तेथे मज्जाव होता.

नगरपालिकेचा ठराव

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, अशी शिफारस त्यात होती. टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने या शिफारशीचा स्वीकार केला आणि ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. तथापि सवर्णांच्या विरोधामुळे हा ठराव तीन वर्षे कागदावरच राहिला.

चवदार तळे सत्याग्रह

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्या आयोजनात रामचंद्र बाबाजी मोरे, अनंत विनायक चित्रे आदी कार्यकर्त्यांबरोबर टिपणीस यांचेही साहाय्य होते. २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले व तेथील पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वराच्या मंदिरात प्रवेश होणार असल्याची अफवा पसरली आणि प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे सवर्णांनी तळ्याचे शुद्धीकरण केले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला.

न्यायालयीन निर्णय

डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्णांनी दावा दाखल करून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्यामुळे २५ डिसेंबरपासून भरलेल्या दुसऱ्या परिषदेत तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम स्थगित करावा लागला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकालापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नव्हते. अशा रीतीने नगरपालिकेने दिलेला व नंतर काढून घेतलेला हक्क तेरा वर्षांनी कायद्याने मान्य झाला.

वारसा

१९३६ साली डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाशी टिपणीस यांचा संबंध होता. 'दलितमित्र' म्हणूनही त्यांचा उल्लेख केला जातो. चवदार तळ्याच्या परिसरात आता डॉ. आंबेडकरांचा पुतळा असून सत्याग्रहाच्या स्मरणार्थ दरवर्षी २० मार्च रोजी तेथे मोठा जनसमुदाय जमतो. महाडच्या या तळ्याच्या इतिहासात सत्याग्रहींच्या बरोबरीने टिपणीस यांच्या काळातील नगरपालिकेच्या ठरावाचीही नोंद घेतली जाते.